बेळगावच्या सांबरा विमानतळाहून मुंबई, ५० सीटचं छोटं विमान: विमानाला घाबरणाऱ्यांसाठी लिहितेय

आधीच सांगते, मला विमानाची भीती साधीसुधी नाही. तिकीट काढलं की झोप उडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. १२ वर्षांपूर्वी पावसाळ्यात बेंगळूरुहून दिल्लीला जाताना विमान असं काही हाललं की त्यानंतर मी परत पाऊलच ठेवलं नाही. मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची स्लीपर बस, १०-१२ तास, पाठ मोडली तरी चालेल.

पण लेक मुंबईत, पहिलं बाळंतपण, तिला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं, म्हणजे कळा सुरू झाल्या की मलाच पळावं लागणार. म्हणून फेब्रुवारीपासूनच तयारीला लागले. पहिल्यांदा ४ हजार देऊन एक ऑनलाइन कोर्स घेतला, नाव लिहीत नाही. सगळं डोळे मिटा आणि समुद्रकिनारा आठवा, एवढंच. मला डोळे मिटले की जास्तच भीती वाटते ओ! विमान का हालतं, तो आवाज कसला, ह्यावर एक शब्द नाही. पैसे वाया गेले असंच म्हणेन.

खरा उपयोग झाला आमच्या गल्लीतल्या काकांचा. सांबऱ्याला हवाईदलाच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकून पुढं सगळी नोकरी विमानांच्या इंजिनवर केलेला माणूस. ते एक दिवस आम्हाला गाडीतनं हायवेला घेऊन गेले, काकतीच्या पुढं रस्ता मोकळा बघून म्हणाले, आता काच खाली कर आणि तळहात जरासा बाहेर धर. गाडी ८० ला. हात आडवा धरला तर स्थिर राहतो, पुढची कड थोडी वर केली की आपोआप उचलला जातो, कुणीतरी खालनं ढकलल्यासारखा. काका म्हणाले, ही ८० ची हवा, विमानाला ७००-८०० ची मिळते, ते पोकळीत लटकत नसतंय बाळ, हवेवर टेकलेलं असतंय. आणि जास्तीत जास्त जेवढा भार येईल त्याच्या दीडपट पंख सोसतात हे दाखवल्याशिवाय विमानाला परवानगीच मिळत नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यातलं काहीतरी सुटलं. मला उंचीची भीती नव्हतीच, मला काय चाललंय ते कळत नव्हतं त्याची भीती होती.

एप्रिलमध्ये तारखेच्या तीन आठवडे आधीच जावयाचा फोन आला. ह्यांनी लगेच स्टार एअरचं तिकीट काढलं. आता खरा रिव्ह्यू.

हे एम्ब्रेअरचं छोटं जेट. डाव्या बाजूला एकच सीट आणि उजवीकडं दोन, मधली सीट हा प्रकारच नाही. घाबरणाऱ्या माणसानं डावीकडची ए सीटच घ्यावी असं मी ठामपणे सांगेन, कारण खिडकी पण तुमची आणि पॅसेज पण तुमचा, कुणाच्या मधे अडकून बसल्यासारखं होत नाही, मला तर निम्मी भीती त्या अडकण्याचीच होती. इंजिनं शेपटीकडं आहेत म्हणून पुढं बसलं की आवाज कमी. विमानतळ शहरापासून १० किलोमीटर, आटोपशीर, चालत विमानापर्यंत जायचं आणि जिना दारालाच जोडलेला, थोड्याच पायऱ्या चढून आत. एवढं मोठं धूड अंगावर येतंय असं होत नाही, ह्याचा किती फरक पडतो ते ज्याला भीती वाटते त्यालाच कळेल. आतलं छत मात्र कमी उंचीचं आहे, उंच माणसानं वाकून चालावं. वरचे कप्पेही लहान, माझा डिंकाच्या लाडवांचा डबा पुढच्या सीटखाली ठेवला.

आत शिरतानाच एअरहोस्टेसला सांगितलं, मला खूप भीती वाटते. लाजू नका, सांगाच. ती पोरगी दोनदा येऊन विचारून गेली.

वर गेल्यावर खालनं धाडकन आवाज आला, ती चाकं आत गेली. मग थोड्या वेळानं इंजिनचा आवाज एकदम उतरला आणि विमान खाली चाललंय असं वाटलं, १२ वर्षांपूर्वी ह्याच क्षणाला मी किंचाळले होते. ह्या वेळी माहीत होतं, उडताना लावलेला जोर पायलट मुद्दाम कमी करतो, विमान चढतच असतं. तरी हात घामेजले, खोटं कशाला बोलू. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, हे करत राहिले. सकाळपासनं चहा कॉफी मुद्दाम घेतली नव्हती, त्यानं धडधड वाढते.

दुपारची वेळ आणि वळवाचे ढग, त्यामुळं घाटावरनं जाताना चांगलंच हाललं. उन्हानं जमीन तापली की हवा वर उसळते, म्हणून जमलं तर सकाळचं विमान घ्या, वेळापत्रक बदलत असतंय ते बुक करताना बघा. मी तळहात आडवा करून मांडीवर धरला, हायवेवर धरला होता तसा, आणि पूर्ण वेळ त्याच्याकडंच बघत बसले. मुंबईवर आल्यावर दोन घिरट्या झाल्या, तिथं गर्दी असते म्हणून थांबवून ठेवतात, हेही काकांनी आधीच सांगून ठेवलेलं. नसतं सांगितलं तर मी काहीतरी बिघडलंय म्हणून रडले असते.

वर तासाभराचाच प्रवास. संध्याकाळी मी लेकीजवळ होते, नात पहाटे झाली. बसनं निघाले असते तर त्या वेळी मी पुण्याच्या आसपास कुठंतरी असते.

भीती गेली का, तर नाही. आदल्या रात्री झोप लागणार नाही हे मला माहीत आहे. पण बारसं झाल्यावर परत यायचं तिकीट विमानाचंच काढलंय, डावीकडची ए सीट.