फॅक्टोरिओ २.०, काही महिने खेळल्यानंतर: सूट मिळत नाही, पाइप मात्र सुधारले

सेलची वाट बघत असाल तर सोडून द्या. प्रागचा वुब सॉफ्टवेअर स्टुडिओ फॅक्टोरिओ या कारखाना उभारण्याच्या व्हिडिओ गेमवर सूट देत नाही, हे त्यांचं जाहीर धोरण आहे. उलट किंमत चढत गेली: २०१८ मध्ये २० डॉलरची ३० झाली, जानेवारी २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन ३५. २०१६ पासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात असलेल्या गेमला पूर्ण किंमत मोजणं हात आखडून खर्च करणाऱ्याला जड जातं. तरी पैसे वसूल होतात, आणि माझ्या लेखी त्याचं सगळ्यात ठोस कारण म्हणजे गेममध्ये पाणी, तेल वाहून नेणारे पाइप.

२०१३ ला इंडिगोगोवर लोकवर्गणी, २०१६ ला स्टीमवर अर्ली ॲक्सेस (म्हणजे अपूर्ण गेमची विक्री), ऑगस्ट २०२० ला १.० ही पूर्ण आवृत्ती. एवढ्या काळात पाइपचं दुखणं हटलं नव्हतं. लांबी वाढली की प्रवाह घटायचा. त्यावर कडी म्हणजे फाटे कोणत्या क्रमाने बांधले, यावरही पाणी कुठे जास्त जाणार ते ठरायचं. मोठ्या रिफायनरीत एखादी रांग कोरडी राहायची आणि नकाशा कितीही न्याहाळला तरी कारण सापडायचं नाही.

२१ ऑक्टोबर २०२४ च्या २.० आवृत्तीत ही यंत्रणा मुळापासून बदलली, तीही जुन्या ग्राहकांना फुकट. आता जोडलेले सगळे पाइप मिळून एकच टाकी धरली जाते. बॉयलर सेकंदाला ६० ऐवजी ६ युनिट पाणी घेतो. त्यामुळे तळ्यातून पाणी उपसणाऱ्या एका ऑफशोर पंपामागे २० बॉयलर आणि ४० स्टीम इंजिनं हे पाठ झालेलं गणित २०० आणि ४०० वर गेलं.

पहिले काही आठवडे हे निर्दोष वाटतं. कारखाना पसरला की मत थोडं बदलावं लागतं. पाइपचं एक जाळं ३२० बाय ३२० टाइल्सच्या (नकाशावरच्या चौकोनांच्या) पलीकडे गेलं की प्रवाह थांबतो आणि मध्ये पंप लावावा लागतो. हा पंप पूर्वी सेकंदाला १२,००० युनिट ढकलायचा, आता फक्त १,२००. म्हणजे ३,६०० हवे असतील तर तीन पंप शेजारी-शेजारी, समांतर लावा. एकामागे एक लावून उपयोग शून्य.

खरा धोका विजेचा. पंपाला वीज लागते. बॉयलरचं पाणी पंपातून येत असेल, तर वीज कमी पडताच पंप मंदावतो, पाणी घटतं, वाफ घटते आणि वीज आणखी कमी होते. म्हणून बॉयलर पाण्याजवळ, ऑफशोर पंपाच्याच जाळ्यात ठेवा. ऑफशोर पंपाला वीज लागत नाही. बॉयलरमध्ये कोळसा भरायला बर्नर इन्सर्टर (इंधनावर चालणारे यांत्रिक हात) वापरा, ते त्याच कोळशावर चालतात.

स्पेस एज या नवे ग्रह देणाऱ्या विस्ताराचे वेगळे ३५ डॉलर लगेच घालू नका. ते ग्रह रॉकेट सोडल्यानंतरच हाती येतात, आणि तिथपर्यंत मूळ गेम भरपूर पुरतो.