झाड छाटायला दोनदा माणसं बोलावली, त्याचा रिव्ह्यू

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमची जुनी सोसायटी आहे, 12 फ्लॅटची. कंपाउंडला लागून एक कडुलिंब आणि मागच्या बाजूला केसर आंबा. रिव्ह्यू खरं तर दुसऱ्या माणसाचा लिहायचाय, पण पहिल्याने काय करून ठेवलं ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याचं काम कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी विषय काढला की पाला फार पडतो, टेरेसचे पाइप तुंबतात, एकदा छाटून घेऊ. एक टेम्पोवाला मिळाला, तीन पोरं, कुऱ्हाड आणि मशीन, पैसे फक्त 1500 आणि लाकूड तेच नेणार म्हणे. आम्ही खूश! तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की ज्याची मजुरी लाकडात आहे तो जाडजूड फांद्याच बघणार, पाला आणि काटक्या कोण घेऊन जातंय. संध्याकाळी ऑफिसातून आले तर गेटमधून आधी मागची बिल्डिंगच दिसली, कडुलिंब म्हणजे एक खांब आणि वर तीन थोटकं. म्हणलं दादा, हे छाटलं का तोडलं? तर म्हणे, ताई टेन्शन घेऊ नका, द्राक्षाच्या बागा बघता ना कशा खरडतात, फुटतात का नाही?

आता नाशिकच्या माणसाला द्राक्षाचं उदाहरण दिलं की तो गप्प बसतो, मीपण बसले. पण एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची) वेलीला चालते कारण घड नव्या फुटीवर येतो आणि वेल मंडपावर तारेला बांधलेला असतो. कडुलिंबाला कुठला मंडप.

फुटलं मात्र खरंच. प्रत्येक थोटकावर खराट्यासारखे पंधरा-वीस फुटवे, सरळ वर, आणि सगळे म्हणायला लागले बघा किती हिरवंगार झालं. तो झाडाचा आनंद नसतो हो, पानंच गेली तर अन्न कोण बनवणार म्हणून झाड साठवलेलं खर्च करून घाईघाईत पानं काढतं. या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात त्यातला एक मनगटाएवढा फुटवा बुडापासून निखळून थेट अ‍ॅक्टिवावर पडला, नशीब कुणी बसलेलं नव्हतं. आंब्याचं तर विचारूच नका. केसरचा मोहर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो, ऑक्टोबरमध्ये शेंडे उडवले म्हणजे त्या वर्षीच्या कैऱ्या तिथेच गेल्या, दोन सीझन लोणच्याच्या कैऱ्या भद्रकालीच्या बाजारातून विकत आणल्या. शिवाय सावलीतली साल एकदम उन्हात आली, भाजली, तडकली आणि तिथून भिरूड (खोड पोखरणारी अळी) शिरला, खोडातून भुसा यायला लागला.

मग ओळखीतून हे काका मिळाले. साठीचे असतील, आधी निफाडकडे द्राक्षबागेत छाटणीला जायचे, आता शहरात झाडांचीच कामं घेतात. (नंबर त्यांना न विचारता टाकत नाही.) पहिल्या दिवशी फक्त बघायला आले, अर्धा तास झाडाभोवती फिरले, त्याचे पैसे नाही घेतले. पहिला प्रश्न, कशासाठी कापायचंय? आम्ही म्हणलं फार वाढलंय. "वाढणारच की, झाड आहे ते. अडचण काय होतेय ते बोला." दुसरा प्रश्न महापालिकेच्या परवानगीचा. आम्हाला वाटायचं परवानगी मुळापासून तोडायला लागते, पण 1975 चा राज्याचा जो झाडांचा कायदा आहे त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा तोडण्यातच धरलंय. अर्ज आम्हीच केला, परवानगी आल्यावरच जूनच्या शेवटी आले, आंबे उतरवून झाल्यावर.

काम बघायला मी मुद्दाम सुट्टी टाकली. जड फांदी असेल तर आधी खोडापासून फूटभर लांब खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, फांदी खाली येते पण जाताना साल सोलून नेत नाही. राहिलेलं थोटूक तिसऱ्या कापात. आणि हा तिसरा काप कुठे घ्यायचा हीच खरी कला, फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडं असतं ते सोडून त्याच्या जस्ट बाहेर. खोडाला चिकटून कापलं तर कडं जातं आणि जखम मिटत नाही, लांब थोटूक ठेवलं तर ते कुजत आत जातं. अ‍ॅलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मशीनने हजारो झाडं उभी चिरून दाखवलं होतं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड तेवढा भाग आतल्या आत भिंत घालून कोंडून टाकतं. काकांना शिगो माहीत नाही, कडं बरोबर माहीत आहे.

कडुलिंबाच्या फुटव्यांतले जे निखळतील असे वाटले ते थोडेच काढले, चांगले बसलेले ठेवले. म्हणलं सगळंच सारखं करून टाका ना, तर नाही म्हणाले, एका वर्षात चौथ्या हिश्श्याच्या वर पाला काढायचा नाही, याने आधीच खूप सोसलंय. आंब्याच्या कापांना बोर्डो पेस्ट लावली, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी). कडुलिंबाला लावायची गरज नाही म्हणाले. मागच्या भिंतीकडे एक वाळकी फांदी होती, ती मी स्वतःहून दाखवली, तर वर चढून खाली ओरडले, तांबट पक्ष्याचं भोक आहे, खाली कुणी चालत नाही, राहू द्या. राहिली.

तक्रारी पण लिहिते. 6500 रुपये घेतले, बिल मागितलं तर वहीच्या पानावर. सांगितलेल्या तारखेला आले नाहीत, दोन दिवस उशिरा. पार्किंगमधल्या गाड्यांवर भुसा, झाडलोट अर्धवट, आमच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी बडबड करत केली. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बाल्कनीतून मोकळं दिसायला हवं होतं, तिथली फांदी कापायला सरळ नकार दिला, त्यामुळे त्या माझ्याशी बोलत नाहीत, काकांशी बोलतात.

काम झाल्यावर सेक्रेटरी साहेब खाली आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, काय कापलंय यात, काही दिसतच नाही, साडेसहा हजार कशाचे? काका दोर गुंडाळत होते, हसले फक्त. कडुलिंबाचे अजून थोडे फुटवे काढायचे आहेत, त्याला जानेवारीत फोन करा म्हणून गेलेत. टेम्पोवाल्याचा फोन मात्र आताच येऊन गेला, दिवाळी आलीय, झाडं वाढली असतील ना ताई.