साडेसहाशेचा ओबीडी स्कॅनर: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर (आणि त्याला बटण का नाही?)

ईएलएम327 म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटात (जिथून गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलता येतं) लावायची डबी; बिघाडाचे कोड आणि इंजिनाचे चालू आकडे ती फोनवर दाखवते. बाकी पुराणकथा लावत नाही. निळ्या पारदर्शक डबीतला, ब्लूटूथवाला, साडेसहाशे रुपयांना पडला. मुळात घ्यायचाच नव्हता. पण माझी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक चालता चालता बंद पडायला लागली आणि सर्व्हिस सेंटरवाले दर खेपेला नुसता स्कॅनर लावायचे पाचशे अधिक जीएसटी घेऊन "नो फॉल्ट फाउंड" असा कागद हातात द्यायला लागले. फॉल्टच नाही तर पाचशे कसले, असं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणतो, "सर, ते तपासणीचे." मग म्हटलं, काहीच न सापडणं मला घरबसल्या साडेसहाशेत जमेल.

गाडीचं दुखणं असं. सकाळी थंड इंजिनाला काही तक्रार नाही. तास-दीड तास उन्हात पळाली की कोणी किल्ली फिरवल्यासारखी गप्प. वीस-पंचवीस मिनिटं बॉनेट उघडून थांबलं की एका सेल्फमध्ये सुरू, जणू काही झालंच नाही. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बंद पडली तेव्हा मागे उसाचा ट्रक होता. (येताना बोगदा होता, जाताना घाट चढावाच लागायचा.) स्टिअरिंग दगड झालेलं. ज्यांना हा अनुभव आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: इंजिन मेलं तर ब्रेक एकदाच दाबायचा आणि धरून ठेवायचा. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल भिंतीसारखं होतं.

निदानं तर किती आली! शेजारचे काका म्हणाले, ई-20 पेट्रोल. फिटर म्हणाला, थ्रॉटल बॉडीत (इंजिनाला हवा सोडणारा भाग) कचरा. ती साफ केली, आयडलिंग सुधारलं, बंद पडणं तसंच. शेवटी सर्व्हिस सेंटरने टाकीतला फ्युएल पंप बदलला. लेबर धरून सात हजार आठशे. पुढच्याच साताऱ्याच्या फेरीत शिरवळ ओलांडताच गाडी पुन्हा रस्त्याकडेला.

आता स्कॅनरबद्दल. पहिल्या महिन्यात माझं मत एक स्टार होतं. जोडायला पिन 1234, अ‍ॅप फुकटचं, इथवर ठीक. कोड वाचले तर काही नाही. म्हणजे सर्व्हिस सेंटरचंच उत्तर, फक्त स्वस्तात. वर डबीवर "व्हर्जन 1.5" असं ऐटीत छापलंय. मूळ कॅनडाच्या कंपनीने 1.4 नंतर थेट 2.0 काढलं, 1.5 कधी काढलंच नाही. म्हणजे आपल्या हातात काय आहे ते समजून घ्या.

आणि याला बटण नाही. यावर मी थोडं बोलणार आहे. ओबीडी सॉकेटच्या 16 नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट थेट येतो, किल्ली काढली तरी. डबी लावून ठेवली की तिचा लाल दिवा रात्रभर टकटक. मल्टिमीटर लावून पाहिलं, 45 मिलीअँपिअर. दिवसाला एक अँपिअर-तासाच्या थोडं वर. माझी बॅटरी 35 अँपिअर-तासांची, तीही म्हातारी. गाडी आठवडा-दहा दिवस उभी राहिली तर सेल्फ मारताना टक्-टक् आवाज नक्की. म्हणून दर वेळी काढायची. माझ्या गाडीत सॉकेट स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्याच्या बरोब्बर वर. काढताना वाकायचं, लावताना चाचपडायचं, चालवताना गुडघ्याला टोचून घ्यायचं. दोन रुपयांचं बटण बसवलं असतं तर यांचं काय जात होतं? बटणवाले मिळतात म्हणे, शंभर-दीडशे जास्त देऊन. घेणाऱ्याने तेच घ्या.

बरं. मत बदललं ते लाइव्ह डेटामुळे. कोड बाजूला ठेवा. अ‍ॅपमध्ये फक्त तीन गोष्टी चालू ठेवल्या: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), गाडीचा वेग, फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय). जास्त लावल्या तर ही स्वस्तातली डबी दमते आणि आलेख उड्या मारत येतो. रेकॉर्डिंग सुरू करून साताऱ्याची वाट धरली. बायको शेजारी फोन धरून.

लाँग टर्म ट्रिम, म्हणजे बऱ्याच वेळाचा फ्युएल ट्रिम, दोन-तीन टक्क्यांच्या आत. पंप दमला असता किंवा कुठे हवा ओढत असती तर हा आकडा दहाच्या वर, कधी वीसपर्यंत गेला असता. शिवाय पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी झटके देते, ओढ जाते, मग मरते. इथे झटका नाही, काही नाही.

गाडी बंद पडली आणि बायको म्हणाली, "अहो, हे बघा काय दाखवतंय." वेग 52. आरपीएम शून्य. गाडी चौथ्या गिअरात, क्लचवर पाय नाही. आता विचार करा. चाकं फिरतायत, गिअर पडलेला आहे, म्हणजे चाकंच इंजिन फिरवतायत. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरत असताना आरपीएम शून्य येणं शक्यच नाही. म्हणजे मोजणाराच खोटं बोलतोय: क्रँक सेन्सर.

कडेला घेऊन सेल्फ मारला. चांगल्या गाडीत सेल्फ मारताना आरपीएम दोनशेच्या आसपास दिसायला हवा. इथे इंजिन घरघर फिरतंय आणि फोनवर ठणठणीत शून्य. सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलजवळ बसलेला. पाण्याची अर्धी बाटली हळूहळू त्याच्यावर ओतली, पाच मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. दोनशे दहा. सुरू.

कोड का येत नव्हता, तेही कळलं. सेन्सरच्या आत बारीक तारेची कॉइल असते. तापली की आतली तुटकी तार सुटते, निवली की पुन्हा चिकटते. सिग्नल थांबला की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन थांबलं, मग ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद. त्याच्या लेखी बिघाड झालेलाच नाही, नोंद कशाची करणार?

नाना पेठेतून ओरिजिनल सेन्सर आणला, अकराशे पन्नास. फिटरने तीनशे घेतले. जुना घरी आणून हेअर ड्रायरखाली धरला: थंड असताना 860 ओहम, तापल्यावर मीटर कोरा. तो व्हिडिओ सर्व्हिस सेंटरला पाठवला. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. त्यानंतरचा अख्खा उन्हाळा गाडी एकदाही बंद पडली नाही.

कोणी घ्यावा? एप्रिल 2013 पासून आपल्याकडे ओबीडी-2 सक्तीचं झालं, त्यानंतरची गाडी असेल तर बिनधास्त. त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसलं तरी डबी बोलेलच असं नाही, आधी कुणाची तरी मागून लावून बघा. कार्ब्युरेटरवाल्यांनी या वाटेला जाऊच नये. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, जोडणीच होत नाही; वायफायवाला बघा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या फुकटच्या अ‍ॅपवर या डबीला सहसा वाचता येत नाहीत, विक्रेता काहीही म्हणो.

चार स्टार. पाचवा बटणाचा. आणि सर्व्हिस सेंटरकडे काढलेला जुना पंप मागितलाय, तो चांगला असणार हे मला माहीत आहे. "स्क्रॅपमध्ये गेला सर," म्हणतायत. बिलावर स्क्रॅपचे पैसे वजा दिसत नाहीत, त्याचा मेल काल टाकलाय.