सायकल गाडीच्या टपावर की पाठीमागे?

पुण्याहून मुळशी-ताम्हिणीकडे सायकली न्यायच्या असतील, तर टपावरच्या रॅकमुळे नंबरप्लेट आणि मागचे दिवे मोकळे राहतात. मात्र सायकल डोक्यावर उचलावी लागते, इंधन जास्त जाते आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरताना वरच्या सायकलीचा विसर पडला, तर हँडलबार तुळईवर आदळून टपाचेही नुकसान होते.

गाडीच्या मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीच्या जोडणीवर, बसणाऱ्या हिच रॅकवर सायकल जेमतेम कमरेपर्यंत उचलावी लागते, म्हणून २०-२५ किलोंच्या ई-सायकलीसाठी मला तोच योग्य वाटतो. परंतु आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हिच नसतो. तो वेगळा बसवून घ्यावा लागतो आणि नंबरप्लेट झाकली गेल्यास ते नियमबाह्य ठरते.

हलक्या सायकलींसाठी टपच निवडावा. फक्त गाडीच्या पुस्तिकेतली टपाची वजनमर्यादा आधी पाहावी आणि त्यात रॅकचे वजनही धरावे.