पॅरिसच्या विमानतळावर ‘रेल्वे बंद आहे’ असे सांगून आमच्याकडून १८८ युरो उकळले

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये पत्नी आणि आईला घेऊन मी पॅरिसला गेलो होतो. चार्ल्स द गॉल विमानतळावरून शहरात आरईआर ‘बी’ या उपनगरी रेल्वेनेच जायचे, हे निघण्यापूर्वीच ठरले होते. टर्मिनल २ मध्येच तिचे स्टेशन आहे, तिकीट तेव्हा माणशी १३ युरो होते आणि आमचे हॉटेल ज्या गार द्यू नोर स्टेशनाजवळ होते तिथे ती गाडी सुमारे अर्ध्या तासात पोहोचते, हे सर्व मला ठाऊक होते. म्हणूनच जे घडले ते लिहिताना मला अधिक शरम वाटते. अजाण माणूस फसला तर एक वेळ समजता येते. मी सर्व माहिती वाचून गेलो होतो.

संध्याकाळचे सात वाजत आले होते. स्टेशनाकडे जाणाऱ्या बाणाच्या मागोमाग आम्ही सामानाची ढकलगाडी घेऊन निघालो असताना गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मनुष्य अदबीने पुढे आला. मार्गावर काम सुरू असल्यामुळे आज गाड्या बंद आहेत, असे त्याने इंग्रजीत सांगितले आणि मोबाइलवर लाल रेघ असलेला नकाशा दाखवला. या मार्गावर रात्री उशिरा दुरुस्तीसाठी गाड्या खरोखरच बंद ठेवतात आणि तेही माझ्या वाचनात आले होते, त्यामुळे त्याचे बोलणे मला मुळीच खोटे वाटले नाही. स्टेशन तेथून पाच मिनिटांच्या अंतरावर असावे. तेवढे चालत जाऊन फलकावर गाड्यांच्या वेळा पाहण्याची बुद्धी मला झाली नाही. आईचे गुडघे दुखत होते, रात्रभर कोणाला झोप नव्हती आणि माझ्या फोनवर अजून इंटरनेट सुरू झाले नव्हते.

त्याने प्लास्टिकमध्ये घातलेला दरांचा कागद पुढे केला. पॅरिसमधून वाहणाऱ्या सीन नदीच्या उजव्या तीरासाठी, जिथे आमचे हॉटेल होते, ५६ युरो आणि डाव्या तीरासाठी ६५ युरो, हे त्यावरील आकडे अगदी खरे होते. अधिकृत टॅक्सीचे ठरलेले दर तेव्हा तेच होते. खोटे काय ते खालच्या बारीक ओळीत होते आणि ती ओळ मी वाचली नाही.

यानंतरचा क्षण मी कधीही विसरणार नाही. काचेपलीकडे टॅक्सींची रांग स्पष्ट दिसत होती, टपांवरचे हिरवे दिवे लागलेले होते आणि लोक एकेक करून बसत होते. तो मनुष्य मात्र आम्हाला त्या दाराकडे न नेता लिफ्टकडे वळला आणि त्याने खालच्या पार्किंगच्या मजल्याचे बटण दाबले. पत्नी म्हणाली, “अहो, टॅक्सी तर बाहेर उभ्या आहेत, मग हा खाली कुठे नेतोय?” मी तिला म्हणालो, “तू जरा थांब, तो इथलाच माणूस आहे.” तो इथला होता हे मी कशावरून ठरवले? त्या ओळखपत्राची छायाचित्राची बाजू पूर्ण वेळ आतल्या अंगाला वळलेली होती आणि मी ती एकदाही सरळ करून पाहिली नाही. खाली उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या टपावर दिवा नव्हता, आत मीटर नव्हता. तरीही आम्ही तिच्यात बसलो.

हॉटेलच्या अलीकडच्या गल्लीत गाडी थांबवून त्याने हिशेब मांडला. ५६ युरो माणशी, म्हणून तिघांचे १६८ आणि चार बॅगांचे प्रत्येकी ५ प्रमाणे २०, असे एकूण १८८ युरो झाले, असे तो म्हणाला. मी वाद घातला, तेव्हा त्याने बारीक ओळीवर बोट ठेवले. सामान डिकीत अडकले होते, आई घाबरली होती. मी रोख पैसे दिले. रुपयांत ती रक्कम १९ हजारांहून अधिक होते. अधिकृत भाडे संपूर्ण गाडीचे असते, माणशी नसते, आणि त्यात सामान धरलेलेच असते. रेल्वेने आम्हाला ३९ युरो लागले असते. तिकीट ज्यावर भरून घेतात ते, प्रत्येकाला स्वतंत्र घ्यावे लागणारे २ युरोचे कार्ड धरून ४५. हॉटेलच्या लेखनिकाने संगणकावर पाहून सांगितले की गाड्या दिवसभर सुरळीत चालू होत्या.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात दीड तास बसल्यावर उत्तर मिळाले की प्रकार विमानतळावर घडला आहे, तिकडे जा. गाडीचा क्रमांक विचारला, तो माझ्याकडे नव्हता. पावती विचारली. लुबाडणारा पावती देतो का? टॅक्सींच्या तक्रारी घेणाऱ्या विभागाला लिहिले, तर परवाना क्रमांक नसल्यास ती टॅक्सी ठरत नाही आणि टॅक्सी नसल्यास विषय आमच्याकडे येत नाही, असे कळवण्यात आले. म्हणजे ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्यावरच कारवाई होणार, आणि बिनपरवाना लुटणाऱ्याची दाद कुठेच लागणार नाही! प्रवास विमा कंपनीने तर ‘आपण रक्कम स्वेच्छेने दिली, ही चोरी नव्हे’ असे दोन ओळींत कळवून फाईल बंद केली. त्या ‘स्वेच्छेने’ या शब्दाने मला जितके दुखावले तितके पैशांनीही नाही.

अधिकृत टॅक्सीचालक टर्मिनलच्या आत येऊन गिऱ्हाईक शोधत नाही. आत जो विचारतो त्याच्याशी बोलूच नका. तिथल्या टॅक्सीला कार्डाने पैसे स्वीकारावेच लागतात, त्यामुळे रोखीचा आग्रह दिसताच उतरा. बसण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र घ्या. मेट्रोचे साधे तिकीट (२०२५ मध्ये २.५० युरो) विमानतळाच्या प्रवासाला चालत नाही, ते कोणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. ओर्ली विमानतळावर उतरणार असाल तर जून २०२४ पासून मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका थेट तिथपर्यंत आली आहे आणि तिचे भाडेही २०२५ मध्ये १३ युरोच होते. आणि गाड्या बंद आहेत असे कोणीही सांगितले, तरी आधी स्टेशनाच्या फलकापर्यंत स्वतः चालत जा.

परतीच्या दिवशी आम्ही गार द्यू नोरला आरईआरमध्ये बसलो. आईला खिडकीची जागा मिळाली. विमानतळाचे स्टेशन येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्दही बोलू शकलो नाही.