‘देन्शा ओतोको’: आधी वाचायचं की आधी बघायचं?

माझा एक मामेभाऊ हिंजवडीत कोड लिहितो. मुलीने नुसता पत्ता विचारला तरी मोबाइलमध्ये डोकं घालून उत्तर देणारा. मध्यंतरी त्याने विचारलं, “ते ट्रेनवाल्या मुलाचं जपानी प्रकरण आहे ना, त्यातलं नेमकं काय घेऊ? जो तो वेगळंच काहीतरी सांगतो.” प्रश्न रास्त आहे. गोष्ट एकच, पण तिचं पुस्तक आहे, सिनेमा आहे, अकरा भागांची मालिका आहे, आणि मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, तर एकाहून जास्त. मी यातलं बहुतेक सगळं पचवलंय आणि तेही चुकीच्या क्रमाने, म्हणून सल्ला द्यायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी गोष्ट, कारण सगळीकडे ती सारखीच सुरू होते. १४ मार्च २००४. जपानमध्ये हा ‘व्हाइट डे’, म्हणजे व्हॅलेंटाइनला मिळालेल्या चॉकलेटची पुरुषांनी परतफेड करायचा दिवस. ज्यांना चॉकलेटच मिळालेलं नसतं, त्यांचा तो दिवस कसा जातो ते सांगायला नको. असाच एक विशीतला ओटाकू, म्हणजे ॲनिमे (जपानी कार्टून) आणि कॉम्प्युटरमध्ये बुडालेला पोरगा, टोकियोतल्या अकिहाबाराहून, म्हणजे ओटाकूंच्या बाजारपेठेतून, ट्रेनने घरी निघालेला असतो. डब्यात एक दारुडा बायकांना त्रास देतो, हा कसाबसा मध्ये पडतो. आभार मानायचे म्हणून बायका त्याचा पत्ता लिहून घेतात. घरी येऊन तो हे सगळं ‘टू-चॅनल’ या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर, एकट्या पुरुषांच्या कट्ट्यावर टाकतो. तिथे कुणालाच नाव नसतं. त्यालाही नसतं, म्हणून लोक त्याला ‘देन्शा ओतोको’ म्हणू लागतात. देन्शा म्हणजे ट्रेन, ओतोको म्हणजे पुरुष.

दोन दिवसांनी त्या बायकांमधल्या एका तरुण मुलीकडून पार्सल येतं. आत चहाच्या कपांची जोडी. कागदावर एर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडचं नाव छापलेलं, आणि हा बापडा विचारतो की ही क्रोकरी बनवणारी कंपनी आहे का. पलीकडे बसलेल्यांची झोप उडते. त्या क्षणापासून त्या मुलीचं नाव ‘एर्मेस’ पडतं. पार्सलच्या चिठ्ठीवर तिचा फोन नंबर असतो, आणि मग सुरू होतो सगळ्यांचा मिळून एकच धोशा: फोन कर. आज कर. आत्ता कर. पुढचे जवळपास दोन महिने ही अनोळखी माणसं त्याला केस कापायला पाठवतात, कपडे घ्यायला लावतात, जेवायला कुठे न्यायचं ते शोधून देतात. यांतल्या बऱ्याच जणांनी स्वतः कुठल्या मुलीला कधी जेवायला नेलेलं नसतं, ही त्यातली खरी मजा.

आता पुस्तक. २००४च्या ऑक्टोबरमध्ये शिंचोशा या प्रकाशनसंस्थेने काढलं आणि दहा लाखांच्या वर प्रती खपल्या. लेखकाचं नाव ‘नाकानो हितोरी’. असा माणूसच नाही. ‘आतल्यांपैकी एक’ असा तो श्लेष आहे. आत कथन नाही, वर्णन नाही, फक्त निवडलेले संदेश एकापाठोपाठ एक, वेळेसकट. पहिली वीस पानं मला वैतागाची गेली. एखाद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं जुनं संभाषण का वाचतोय मी, असं वाटत राहिलं. मग कधीतरी लक्षात आलं की मीही वेळ बघायला लागलोय. तो जेवायला गेलाय, चार तास झाले, त्याचा पत्ता नाही, आणि इकडे दहा-पंधरा जण आपापल्या खोलीत जागत बसलेत. काही घडत नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. अशी वाट बघायला लावणं कॅमेऱ्याला जमलेलं नाही.

शिवाय त्या कट्ट्याची भाषा. जपानीत ‘दोकु’ म्हणजे एकटा आणि ‘दोकु’ म्हणजे विषही. अक्षरं वेगळी, उच्चार एक. हे लोक स्वतःला ‘विषारी पुरुष’ म्हणवतात. त्यांच्या त्या धाग्याचं नावच पाठीमागून गोळ्या खाल्लेल्यांसाठी वैद्यकीय पथकाला हाक मारणारं. कुणाचं जमतंय अशी बातमी आली की बाकीचे युद्धात जखमी झाल्याचं सोंग करतात, की-बोर्डवरच्या चिन्हांतून स्फोट आणि प्रेतं काढतात. मत्सर आणि माया एकाच ओळीत. आपल्याकडे मित्राचं ठरल्यावर “गेला बिचारा कामातून” म्हणतात ना, तसंच, फक्त दोन महिने सलग.

पुस्तकाचा तोटा मोठा आहे. मुलगी त्यात नाहीच. ती काय म्हणाली, कशी हसली, हे फक्त याच्या बोटांतून कळतं, आणि हा त्या वेळी घाबरलेला असतो. हे सगळं खरोखर घडलं का, अशी शंका जपानमध्येही बऱ्याच जणांनी घेतली. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. सल्ला देणारे खरे आहेत, एवढं वाचताना पटतं. बॉनी एलियट यांचं इंग्रजी भाषांतर आहे. मूळ जपानी वाचायचा उत्साह असेल तर पुण्यात जपानी शिकणाऱ्यांसाठी एक सूचना: एन-४ची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सुरुवातीच्या पातळीची, पुस्तकी जपानी इथे कामाला येणार नाही. मुद्दाम चुकवलेली अक्षरं, अर्धे शब्द, टिंगलीचे आकडे, असा सगळा मामला.

सिनेमा ४ जून २००५चा, शोसुके मुराकामी दिग्दर्शक. लांबी पावणेदोन तासांच्या आत. जपानमध्ये ३७० कोटी येनचा धंदा केला त्याने. ताकायुकी यामादा हा देखणा नट इथे खांदे पाडून, चष्मा सावरत, स्वतःच्याच पायात अडखळत चालतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत तो देखणा आहे हे आपण विसरतो. एर्मेस झाली आहे मिकी नाकातानी. इथे एक गंमत आहे. ती दिसते कशी, असं अनोळखी मंडळींनी विचारल्यावर त्या मुलाने तुलनेसाठी याच नटीचं नाव घेतलं होतं. निर्मात्यांनी सरळ तिलाच घेतलं.

सिनेमाने सल्लागारांची गर्दी गाळून मूठभर माणसं ठेवली: एक नर्स, खोलीबाहेर न पडणारा एक मुलगा, एक गृहिणी, एक नोकरदार, आणि नेट-कॅफेतले तीन ओटाकू. पडद्याचे तुकडे करून सगळे एकदम दिसतात. त्या खोलीबाहेर न पडणाऱ्या मुलासाठी तरी हा सिनेमा बघाच. मात्र नाकातानीची एर्मेस इतकी शांत, इतकी समजूतदार की ती याच्यात काय बघते हे कळायला सिनेमा वेळच देत नाही. पुस्तकात ती अदृश्य, इथे पुतळ्यासारखी.

तिला माणूस केलं ते मालिकेने. फुजी टीव्हीवर ७ जुलै ते २२ सप्टेंबर २००५, अकरा भाग. नायक अत्सुशी इतो, बुटका, घामाघूम, रडका. नायिका मिसाकी इतो, त्याच्याहून चांगली उंच. दोघं शेजारी उभे राहिले की अर्धा विनोद तिथेच होतो. दोघांना नावं आहेत, त्सुयोशी आणि साओरी, आणि तिला घर आहे, मैत्रीण आहे, स्वतःच्या शंका आहेत. आपल्याबद्दलची प्रत्येक गोष्ट हा अनोळखी लोकांना सांगत होता, हे कळल्यावर त्या मुलीला काय वाटेल? पुस्तक वाचताना मला हा प्रश्न टोचत होता. मालिका त्याला भिडते, आणि नीट भिडते. एवढ्यासाठी मी तिचे बाकीचे अपराध पोटात घालतो.

अपराध आहेतच. दोन महिन्यांची गोष्ट अकरा भाग पुरवायची म्हटल्यावर गैरसमज, टळलेल्या भेटी, खलनायिकेसारखी सहकारी, सगळं आलं. आपल्या संध्याकाळच्या मालिकांवर वाढलेल्यांना हे घरचंच वाटेल. पण सल्लागारांच्या खोल्या काय सजवल्यात! एक हान्शिन टायगर्स या बेसबॉल संघाचा वेडा, त्याची अख्खी खोली संघाच्या रंगात. एक रेल्वेवेडा, एक लष्करवेडा. प्रत्येकाचा एकटेपणा त्याच्या भिंतींवरून कळतो. शीर्षकाला इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या बँडचं ‘ट्वायलाइट’ हे गाणं आणि ॲनिमेशन. नायकाला आवडणारी ॲनिमे मालिका मुळात या मालिकेपुरती बेतलेली, पण २००७मध्ये तिची खरोखरची ॲनिमे निघाली. शेवटच्या भागाला २५ टक्क्यांवर रेटिंग मिळालं. आणि त्याच उन्हाळ्यात, २४ ऑगस्टला, अकिहाबाराला त्सुकुबा एक्सप्रेस सुरू झाली. ट्रेनवाल्या मुलाच्या स्टेशनाला नवी ट्रेन. योगायोगच, पण बरा जमला.

मांगाबद्दल थोडक्यात. हिदेनोरी हारा यांची सगळ्यात गंभीर, माचिको ओचा यांची शोजो, म्हणजे मुलींसाठीच्या मांगाच्या, वळणाची आणि एकाच खंडात आटपणारी, वातारू वातानाबे यांची सगळ्यात चळचळा कापणाऱ्या नायकाची. तिघांचीही इंग्रजी भाषांतरं झाली आहेत. ‘योवामुशी पेडल’ ही सायकलिंगची मांगा आवडली असेल तर वातानाबे उचला, तोच चित्रकार. नाहीतर मांगा सोडली तरी फार बिघडत नाही.

मग घ्यायचं काय? एकच संध्याकाळ हाताशी असेल तर सिनेमा, यात मला शंका नाही. घरच्यांबरोबर बघायचं असेल आणि ताणलेल्या कथानकाची चीड येत नसेल तर मालिका, पण रोज एकच भाग. सलग चार पाहिले की त्सुयोशीचं रडणं डोक्यात जातं. मुलीची बाजू कळल्याशिवाय ज्यांना प्रेमकथा रुचत नाही, त्यांनी तर थेट मालिकाच घ्यावी. आणि जो स्वतः रात्री दोनला कुठल्याशा अनोळखी माणसाची अडचण सोडवत बसलेला असतो, त्याला पुस्तक. सिनेमानंतर वाचलंत तर उत्तम, कारण संदेशांना चेहरे मिळालेले असतात. मी मालिका, पुस्तक, सिनेमा असा उलटा गेलो आणि सिनेमा मला उगाच घाईचा वाटला.

सिनेमा सोयीचा आहे, पण मला सगळ्यात जवळचं पुस्तकच. मालिकेत आणि सिनेमात नायक तो मुलगा आहे. पुस्तकात नायक म्हणजे ते वाट बघणारे.

मामेभावाला मी सिनेमा सांगितला होता. त्याने अर्थातच मालिका सुरू केली. चौथ्या भागावर आहे. शनिवारी सकाळी त्याचा मेसेज आला, आधी काही नाही, नंतर काही नाही, एवढाच: “तू कटिंग कुठे करतोस?”