जुन्या सिनेमासाठी घेतलेला प्रोजेक्टर: दिवाळी ते मृगापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतला, आता मृग लागायला आलाय. घर परभणीत, बघणारे मुख्यतः आजोबा आणि लावतो ते बहुतेक 1950-60 च्या काळातलं. नवे मारधाडपट कसे दिसतात ते विचारू नका, लावलेच नाहीत.

आधी चित्राचा आकार. मशीन येतं 'फुल'वर, म्हणजे चित्र ताणून पूर्ण चौकट भरणाऱ्या सेटिंगवर. जुना सिनेमा बहुतेक जवळजवळ चौकोनी, तो भिंतभर ताणला की 'सुजाता'मधली नूतनसुद्धा गालफुगी दिसते. 4:3 करा, बाजूला पट्ट्या राहतात त्या राहू द्या. पट्ट्या नकोत म्हणून वर-खाली कापून नेटवर चढवलेल्या प्रती तर त्याहून वाईट. 'सांगत्ये ऐका' (1959) तसल्याच प्रतीत सापडला. 'बुगडी माझी सांडली गं' सुरू, आणि जयश्री गडकरांचे पायच गायब! पुण्याच्या विजयानंदला हा सिनेमा 131 आठवडे चालला, तो काय नुसते चेहरे बघायला?

चित्र भडक करणारा 'व्हिव्हिड' मोड पहिल्या दिवशीच बंद करा. 'कागज के फूल' (1959) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो झोत कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन आत घेऊन साधला होता. व्हिव्हिडवर तिथं नुसता पांढरा पट्टा दिसतो. 'सिनेमा' मोड लावून ब्राइटनेस उतरवला, तेव्हा झोतात तरंगणारे कण दिसले, कडेचा अंधार दिसला. अर्थात या किमतीत काळं म्हणजे राखाडीच. आम्ही खिडकीला वाकळ टांगतो, मग बरंच निभतं.

आतला स्पीकर म्हणजे पत्र्याचा डबा. वेगळा स्पीकर घ्या आणि वायरनं जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. आजोबांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. 'प्यासा'मधलं साहिरचं उर्दू वळणाचं गाणं आम्ही सबटायटल वाचत पकडतो, ते ओळ यायच्या आधीच पुटपुटतात. "आवाज वाढव रे, ऐकायलाच तर बसलोय," हे रोजचं.

हे सिनेमे म्हाताऱ्यांच्या आठवणींवर जगतात, हे मला पटत नाही. माझ्या बारावीतल्या बहिणीला 'जगाच्या पाठीवर' (1960) ची कसली आठवण असणार? मोबाइलवर तिनं तो दहा मिनिटांत सोडला होता. भिंतीवर मात्र शेवटपर्यंत बघितला. तो कॅमेरा चेहऱ्यावर थांबतो, माणसाला गप्प बसू देतो. तळहाताएवढ्या पडद्यावर ते रेंगाळणं वाटतं, भिंतीवर नाही वाटत. मोठ्या पडद्यासाठीच केलेलं काम आहे ते.

आता तक्रारी. मे महिन्यात दुपारी लावला की तापून बंद. रात्री दहानंतर ठीक, पण पंख्याची घरघर हळव्या गाण्यात नडते. धुळीची जाळी आठवड्याला झटका, आम्ही आळस केला नाही तरी कोपऱ्यात करडा डाग आलाच. कंपनीवाले म्हणतात, मशीन संभाजीनगरला पाठवा, खर्च तुमचा. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर बिनबोभाट चालतो, ही जमेची बाजू.

पाचपैकी चार तारे देतो. एक कापला तो रिमोटचा: बटणांना उजेड नाही, अंधारात थांबवायला जावं तर सिनेमाच बंद होतो आणि आजोबांच्या शिव्या आम्हाला.